नंबर, नाव आणि हाक

वर्धा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सेवाग्रामची बापूकुटी येते, पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम येतो, चरखा येतो. पिपरी मेघे हे त्या वर्ध्याला चिकटून वाढलेले गाव. गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते, हे आता नव्या माणसाला सांगता येणार नाही. या मुलखाची ओळख अहिंसेची. त्यामुळे इथल्या एखाद्या घरातले पणजोबा बसऱ्याच्या लढाईवर गेले आणि परतलेच नाहीत, असे कोणी सांगितले तर ऐकणारा क्षणभर थबकतो. वर्ध्याचा आणि पलटणीचा संबंध काय, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटतो.

संबंध आहे, आणि तो सरळ नाही. हिंदुस्थानला न विचारता महायुद्धात ओढले, म्हणून १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला आणि तुरुंगात गेले. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी चालते व्हावे असा ठराव केला, तोही वर्ध्यातच. महिनाभराने, १६ ऑगस्टला, याच जिल्ह्यातल्या आष्टीत सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. आणि याच काळात, १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मराठी शिपाई एरिट्रियातल्या केरेनचे उघडेबोडके डोंगर चढत होते. सत्याग्रह आपण शाळेत शिकलो. केरेन शिकलो नाही. इंग्रजांच्या फौजेत गेलेल्या माणसाचे काय करावे हे स्वतंत्र देशाला नीट उमगले नाही, आणि घरच्यांनीही मग तो विषय काढणे सोडून दिले.

माझे मत असे की त्या माणसाला आज देशभक्ताची वस्त्रे चढवण्याची गरज नाही आणि त्याच्याबद्दल खाली मान घालण्याचीही नाही. कोणी दुष्काळाने गेला, कोणी कर्जाने, कोणी भावाशी भांडून, कोणी घोड्यांच्या आणि बंदुकांच्या हौसेने. तो का गेला हे शोधणे हाच अशा शिपायांच्या अभ्यासाचा गाभा आहे. वाचकांनी या विषयाकडे वळावे ते न्यायाधीश होऊन नव्हे, तर एखाद्या दूरच्या नातलगाची विचारपूस करायला निघाल्यासारखे.

मारल्या गेलेल्या शिपायाच्या मागे तीन गोष्टी उरतात. पलटणीच्या दप्तरात त्याचा नंबर. दूरदेशीच्या एखाद्या स्मारकावर किंवा नोंदवहीत रोमन लिपीतले त्याचे नाव. आणि घरात त्याची हाक: बापू, नाना, धाकला, ज्या नावाने आई त्याला जेवायला बोलावत असे ते. सहसा या तिघांची गाठ पडत नाही. ज्यांच्याकडे नंबर आहे त्यांना हाक ठाऊक नसते, आणि ज्यांना हाक आठवते त्यांनी नंबर कधी पाहिलेला नसतो. तिन्ही एका कागदावर आणणे एवढेच हे काम. ऐकायला सोपे आहे, पण त्यात वर्षे जातात.

ही गाठ पडली तर काय होते याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. नाईक यशवंत घाडगे हे तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी होऊन पडला. घाडगे एकटे पुढे धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या, नवे मॅगझीन चढवायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्च्यावर ते कोसळले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर किंवा दहनस्थान नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये, जवळपास ऐंशी वर्षांनी, मोंटोने या इटालियन गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभारले. ज्यांच्या शेतात तो मुलगा पडला, त्या लोकांनी त्याची आठवण ठेवली.

हे उदाहरण देताना एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. घाडगे यांची शेवटची काही मिनिटे आपल्याला इतकी बारकाईने ठाऊक आहेत, कारण ती पदकाच्या मानपत्रात लिहिली गेली. त्याआधीची बावीस वर्षे कुठल्याच मानपत्रात नसतात. शिपायाच्या आयुष्याचा अभ्यास करणारा नवखा माणूस नेहमी मरणापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. तुम्ही जन्मापासून सुरू करा. आणि हेही लक्षात असू द्या की बहुतेकांच्या वाट्याला मानपत्र आलेच नाही.

पहिल्या महायुद्धातली मेसोपोटेमियाची मोहीम पाहा. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली, आणि कैद झालेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे वाळवंटातल्या वाटचालीत आणि रेल्वेच्या रस्त्यावर खडी फोडताना मेले. त्या मोहिमेतल्या मृतांचे स्मारक बसऱ्याला उभे राहिले तेव्हा इंग्रज शिपायांची नावे दगडावर कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा तेवढा लिहिला. ब्रिटिश साम्राज्याचा युद्धसमाधी आयोग १९१७ साली स्थापन झाला तो हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाचे नाव राखण्याच्या तत्त्वावर. त्याच आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून चूक कबूल केली: पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण इतरांच्या बरोबरीने राखली गेली नाही, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावे कुठेच लागली नाहीत. यात हिंदुस्थानी, पूर्व व पश्चिम आफ्रिकी, इजिप्शियन, सोमाली असे सगळे आले. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला ४,७०० हून अधिक हिंदी नावे आहेत, दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांच्या वर आहेत. इंडिया गेट ज्यांच्यासाठी बांधले त्यांची संख्या मात्र सत्तर हजारांच्या घरात जाते. कमानीखालून जाताना हा हिशेब फार थोडे लोक करतात.

आता पिपरीकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

नोंदवहीत शिपायाच्या नावापुढे साधारणपणे बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. आपल्याकडे 'पिपरी' नावाची गावे किती, हे एसटीच्या कुठल्याही कंडक्टरला विचारावे. म्हणून तर लोकांनी 'मेघे' जोडले: पिपरी मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे. वर्ध्याचा माणूस 'सिंदी रेल्वे की सिंदी मेघे' असे विचारल्याशिवाय पुढे बोलत नाही. भरतीच्या कारकुनाला ही फोड माहीत असायचे कारण नव्हते. त्याने 'पिपरी' लिहिले आणि शेपूट गाळले. मी स्वतः एकदा एका नावामागे कित्येक महिने चुकीच्या पिपरीत हिंडलो. तिथल्या लोकांनी चहा पाजला, आडनावही जुळले, घरातला एक माणूस 'लढाईवर' गेल्याचेही निघाले. फक्त तो माणूस परत येऊन म्हातारा होऊन मेला होता.

नावाचे तसेच. रोमन लिपीत ळ नाही, ण आणि न एकच, ड आणि द एकच. गणपतचा 'गनपत', 'गुनपुत', शिवरामचा 'श्योराम' होतो. आडनाव कधी असते, कधी नसते. वाचकांनी नोंदीतले नाव डोळ्यांनी न वाचता मोठ्याने म्हणून पाहावे. वऱ्हाडी-झाडी उच्चारात, लिहून घेणारा परमुलखातला आहे असे धरून. पुष्कळ कुलपे अशी उघडतात.

जिल्हा आणि प्रांतही फसवे आहेत. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला. तो मध्यप्रांतात होता, आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात. त्यानंतर मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. तेव्हा १९१५ सालचा वर्ध्याचा शिपाई मुंबई इलाख्याच्या यादीत शोधणे व्यर्थ, आणि १९४८ साली काश्मीरमध्ये पडलेल्याचे राज्य कागदोपत्री मध्यप्रांत निघाले तर दचकू नये. पलटणींची नावे याहून चंचल. कूतमध्ये शरण गेलेली ११० वी मराठा १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली, म्हणजे घाडगे ज्या बटालियनमध्ये लढले तीच. पुढे १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज तिला २ पॅरा म्हणतात. पदकावरचा आकडा खरा असतो, पण तो त्या वर्षापुरता खरा असतो.

मग शोध सुरू कुठून करावा? लंडनहून नाही, दिल्लीहूनही नाही. माळ्यावरच्या ट्रंकेपासून. शिपायाची लोखंडी ट्रंक विदर्भातल्या घरांत अजून सापडते; तिच्यात आता लग्नातली भांडी किंवा जुन्या गोधड्या असतात. तळाशी पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्जचा कागद, मनिऑर्डरची पावती, एखादे पदक निघू शकते. पहिल्या महायुद्धातले युद्धपदक लढणाऱ्यांना चांदीचे मिळे, मजूर आणि नोकरचाकर म्हणून गेलेल्यांना ब्राँझचे. चांदीची बरीचशी पदके दुष्काळी वर्षांत सोनाराच्या मुशीत गेली. ब्राँझला गिऱ्हाईक नव्हते म्हणून ती उरली, आणि त्यामुळे कधी कधी खेचर हाकणाऱ्याचा माग सुभेदारापेक्षा सोपा लागतो. याखेरीज मृताच्या वारसाला एक ब्राँझची तबकडी दिली जाई, बारा सेंटिमीटर व्यासाची, ब्रिटानिया आणि सिंहाचे चित्र असलेली. तिच्यावर एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत फक्त नाव असते. हुद्दा मुद्दामच नसतो. मरणात हुद्दा नाही, ही त्यामागची कल्पना. घरातल्या बायकांना चित्रातली बाई देवी वाटली तर नवल नाही, आणि तबकडी देव्हाऱ्यात गेली तर हळदकुंकवाच्या थराखाली नाव बुजते.

ट्रंकेनंतर गाव. विदर्भात कोतवाल बुक हा जन्म-मृत्यूच्या नोंदींचा मोठा ठेवा आहे. जातपडताळणीसाठी लोक त्याच्या नकला काढतात, पण आजोबांच्या भावासाठी काढणारा विरळा. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहा, बंदोबस्ताची मिसल पाहा, फेरफार पाहा. जमिनीवरचे एक नाव अचानक कमी होऊन तिथे विधवेचे किंवा पुतण्याचे लागले असेल, तर त्या वर्षाशी युद्धाचे वर्ष ताडून बघा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही वंशावळी सापडतात.

आणखी एक खूण सांगतो, जी कुठल्याही लष्करी ग्रंथालयात मिळणार नाही. परमुलखात मेलेल्याचा देह घरी येत नसे, अस्थीही येत नसत. घरच्यांनी पालाशविधी करून तेरवी उरकलेली असे. मृत्यूची तिथी कळलेली नसे, म्हणून त्याचे श्राद्ध सर्वपित्रीला घातले जाई. पण शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी राखलेली आहे. पंचांगात त्या दिवसापुढे तसे छापलेलेही असते. एखाद्या शेतकरी घरात पिढ्यानपिढ्या भाद्रपद वद्य चतुर्दशीला पान वाढले जात असेल, आणि कोणासाठी हे आता कोणालाच नीट सांगता येत नसेल, तर तिथे बसा. पाणी मागा. म्हाताऱ्या बाईला घाई न करता विचारा. हाक तिच्याकडे असते.

गावात विचारपूस करताना एकाच आळीत थांबू नका. महार शिपाई कंपनी सरकारच्या काळापासून फौजेत होते. १८९२ नंतर त्यांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी केली आणि काम सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, त्यामागे डॉ. आंबेडकरांचा दीर्घ पाठपुरावा होता. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पुष्कळदा पाटलाच्या वाड्यात बसून यादी केली आणि गावकुसाबाहेरचा शिपाई यादीतून निसटला. तुमची यादी त्या वस्तीतूनच सुरू झाली तर बिघडणार नाही. तिथे सैनिकी पेशाची आठवण बहुधा अधिक ठळक असते.

एवढे झाल्यावर दप्तरांकडे वळावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, गार्ड्सचे इथून जवळ कामठीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वर्ध्यातच आहे. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. पलटणींच्या रोजनिशा लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत हिंदी शिपायाचे नाव क्वचित येते, पण तो मेला त्या दिवशी पाऊस होता की धूळ, भाकरी पोचली होती की नाही, हे कळते. फ्रान्समधून आलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांतले उतारे सेन्सॉरने इंग्रजीत उतरवून ठेवले. मूळ पत्रे बहुतेक गेली. मराठी माणसाने मराठीत आईला लिहिलेले पत्र आज इंग्रजीतून मराठीत परत आणावे लागते, यातली विचित्र गंमत अभ्यासकाला पुढे सवयीची होते.

स्वातंत्र्यानंतरच्या शिपायांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथली वाट अधिक मळलेली आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. त्याच्या त्यागचक्रात तेव्हा २५,९४२ नावे होती. इथे अडचण कागदांची नसून माणसांची आहे. १९६२, १९६५, १९७१ किंवा कारगिलमधल्या शिपायाची पत्नी, बहीण, भाऊ हयात असतात. वर्षातून दोन दिवस त्यांना शाल-श्रीफळ मिळते आणि तोच प्रसंग पुन्हा सांगायला लावला जातो. तुम्ही गेलात तर मरणाची गोष्ट विचारू नका. तो जेवायला काय मागायचा, बैलांची नावे काय ठेवायचा, सुट्टीवर आला की आधी कोणाकडे जायचा, हे विचारा. त्यांना नको असेल तर वही मिटून उठा.

आणि स्मारक? साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. तिथला स्तंभ साधा आहे, पण गावाच्या नावातच पलटण शिरली. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली छोटी संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. पाटीवर आकडा असतो, नाव नसते. रंगरंगोटीत ती चुन्याखाली जाते. माझ्या मते नवा पुतळा उभारण्याआधी अशी पाटी धुऊन काढावी आणि तिच्याखाली नावे लावावीत, देवनागरीत, बापाच्या नावासकट. ज्याचा चेहरा कोणी पाहिला नाही त्याला भरघोस मिशा लावून चबुतऱ्यावर चढवण्यात आदर कमी आणि हौस जास्त असते. शाळेतल्या मुलांना एकेक नाव वाटून द्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती काय शोधून आणतात ते पाहा.

हे सारे वाचून तुमच्या मनात घरातले एखादे नाव आले असेल, तर पावसाळ्याआधी ट्रंक खाली काढा. पदक सापडले तर चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करू नका. नंबर, नाव आणि पलटण त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत असते आणि घासण्याने पहिली ती जाते. खिडकीजवळ उजेडात तिरपे धरा, हळूहळू फिरवत वाचा, आणि दिसेल तसे, चुकीचे वाटले तरी तसेच, वहीत उतरवून घ्या.

पिपरी मेघे, वर्धा